टोपडेवाल्याच्या मायचा पलंग

डोमाभाऊंना मराठी वाचता येत नव्हतं, मग इंग्रजीचं तर नावच नको. तरीही एक अख्खं इंग्रजी पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. संध्याकाळी ते आपल्या अंगणात बाजेवर बसत, पुस्तक उघडत आणि आम्हा गावकऱ्यांना पहिल्या पानापासून वाचून सांगत. पुस्तक धरायचे मात्र असं, की आम्हाला फक्त पुठ्ठा दिसावा. आतलं चित्र कोणी डोकावून पाहायला लागलं की पटकन छातीशी धरत. "चित्र मी पाह्यतो, गोष्ट तुमी ऐका. समद्यायनं पाह्यलं तं झिजन ना ते!"

मी त्या गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. ब्रह्मपुरीहून जीपनं यायचं आणि पुढे बांधावरून चालायचं, असं ते गाव. डोमाभाऊ तलावात मासे धरत आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन ब्रह्मपुरीला जात. मासोळी बांधून द्यायला ते रद्दी घेत, त्या रद्दीत हे जाडजूड चित्रांचं पुस्तक आलं. कॉलेजचं गाव, असेल कोणा शौकिनाचं. पण कागद गुळगुळीत निघाला. मासोळी घसरायची, पाणी शोषलं जायचं नाही. रद्दी म्हणूनसुद्धा ते पुस्तक वाया गेलेलं होतं, म्हणूनच वाचलं.

पुस्तकाचा नायक तोंड झाकून, काळी झूल पांघरून गुंडांना बदडत हिंडायचा. लहान मुलांच्या टोपड्यासारखं काहीतरी त्याच्या डोक्यावर होतं, म्हणून डोमाभाऊंनी त्याचं नाव ठेवलं टोपडेवाला. पुठ्ठ्यावरचं त्याचं चित्र पाहून कोणी ना कोणी विचारायचंच.

"डोमाभाऊ, हा चड्डी वरून काऊन घालते?"

"घाईत निघाला. लोकायले वाचवाचं का कपडे पाहाचे?"

"अन मागं हे काय फडकून राह्यलं?"

"घोंगडी. पावसापान्याची लागते."

"उडते का मंग?"

"उडी मारते. उडाले तो काय बगळा हाये?"

प्रत्येक शंकेला उत्तर तयार. सुटाबुटातला एक टकला माणूस होता, तो त्यांच्या हिशेबी सायब, म्हणजे लबाड. दाढीवाला म्हातारा होता, तो साधू, म्हणजे चांगला. गावानं दोन उन्हाळे त्या सायबाला शिव्या घातल्या. मी एकदा न राहवून म्हणालो, "भाऊ, द्या इकडे, मी वाचतो. बाजूला लिहिलेलं असतं सगळं." डोमाभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तलावात विष टाकायला निघालो होतो.

"गुरुजी, तुमी वाचान, मंग गोष्ट मरन. अक्षर लबाड असते. चित्र खोटं बोलत नाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरपंच भाषणाला उभे राहिले तरी हे मागून पुटपुटत, "अक्षर लबाड असते." माझा तर पेशाच अक्षरांचा, त्यामुळे मला ते लागायचं. तरी संध्याकाळ झाली की माझे पाय त्यांच्याच अंगणाकडे वळत. खोटं कशाला बोलू, गोष्ट ते फार छान सांगायचे.

आणि सगळ्यात छान सांगायचे ते शेवटचं पान. टोपडेवाला सगळ्यांना वाचवून दमून घरी येतो. मायसाठी त्यानं नवा पलंग आणलेला असतो. पांढरीशुभ्र गादी, कडेनं रेशमी झालर, चहूकडे फुलं. माय त्या पलंगावर नवं लुगडं नेसून शांत निजलेली, आणि हा गुडघ्यावर बसून तिच्याकडे पाहतोय. तोंडावरचं टोपडंसुद्धा काढलेलं, कारण घरात आल्यावर कशाला पाहिजे? इथे डोमाभाऊ थोडं थांबत आणि दाराकडे बघत म्हणत, "आला बापा घरी."

दारात त्यांची बायको जनाबाई बसलेली असे. जनाबाईंचाही गावात एक लौकिक होता: त्या घर सोडून कुठेही जात नसत. लग्न नाही, बारसं नाही, सख्ख्या भावाकडचं जेवण नाही. "दाराले कुलूप नाई लागत आमच्या घरी," एवढंच म्हणत. मी नवीन असताना मला वाटलं, कुलूप बिघडलं असेल. शहाणपणा करून मी ब्रह्मपुरीहून एक नवं आणलंसुद्धा. त्यांनी ते घेतलं आणि शिंक्यात ठेवून दिलं. मग शेजारच्या तुळसाबाईंनी मला समजावलं. यांचा एकुलता एक मुलगा, सुधाकर, बापाशी भांडून निघून गेला होता. बल्लारशाला मद्रासकडच्या गाडीत चढताना कोणीतरी त्याला पाहिलं, त्यानंतर काही नाही. आला तर दाराला कुलूप दिसायला नको, म्हणून माऊली घर सोडत नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी डोमाभाऊ टोपली तशीच डोक्यावर घेऊन धापा टाकत परत आले. मासोळी विकायचंसुद्धा भान नव्हतं. टॉकीजच्या भिंतीवर पोस्टर लागलं होतं आणि पोस्टरवर तोच!

"आपला टोपडेवाला आला ब्रह्मपुरीले! अन हिंदी बोलून राह्यला म्हंतेत!"

त्या पुस्तकावरून कोणीतरी सिनेमा काढला होता आणि तो हिंदी आवाज लावून आमच्याकडे पोचला होता. गावात नुसता कल्ला झाला. धान कापून झालं होतं, माणसं मोकळी होती. रविवारी ट्रॅक्टरची ट्रॉली ठरली. बाया ठेवणीतली लुगडी नेसल्या. डोमाभाऊंनी नवी टोपी घातली आणि ट्रॉलीत सगळ्यात पुढे उभे राहिले. जणू वरात निघाली होती आणि ते वरबाप होते. जनाबाई अर्थातच येणार नव्हत्या. ट्रॉली सुटताना त्यांनी दारातून एवढंच सांगितलं, "पलंग नीट पाहून येजो. किती मोठा हाये ते सांग."

तीनच्या खेळाला आम्ही टॉकीज जवळजवळ भरून टाकलं. उरलेल्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं होती. पडद्यावर टोपडेवाला आला तशी आमच्या माणसांनी अशी आरोळी ठोकली, की ती पोरं मागे वळून बघायला लागली. त्यांना काय माहीत, आम्ही त्याला कधीपासून ओळखतो!

पहिला धक्का अर्ध्या तासात बसला. सुटाबुटातल्या सायबानं स्वतःच्या अंगावर गोळी घेऊन टोपडेवाल्याला वाचवलं.

मग अंधारातून एक आवाज आला, "डोमाभाऊ, हा तं चांगला मानूस निघाला ना!"

"थांब, ढोंग करून राह्यला," डोमाभाऊ म्हणाले.

ढोंग नव्हतं. सायब खरोखरच मेला. ज्या माणसाला आम्ही दोन उन्हाळे शिव्या घातल्या, तो आमच्या नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. बाया हळहळल्या. एवढ्यात दाढीवाल्या साधूनं शहराच्या पाण्यात विष कालवलं, आणि तुळसाबाई उठून उभ्याच राहिल्या. "साधू हाये ना गा तो? साधू हाये म्हनत होता ना तू?"

कॉलेजची पोरं हसून हसून लोळत होती. डोमाभाऊ माझ्या बाजूला बसले होते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, जाऊ द्या. सिनेमावाल्यायनं मधात बदललं असन. शेवट पाहा तुमी."

शेवट आला. सगळं गाव त्याचीच वाट पाहत होतं. पडदा पांढरा झाला, फुलंच फुलं, आणि फुलांच्या मधोमध ती गादी, ती झालर, ती नव्या कपड्यांतली माय. टोपडेवाला गुडघ्यावर बसलेला. आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली. "आला, आला, पलंग आला!" एका बाईनं कडेवरच्या रडक्या पोराला दटावलं, "चूप, निजली हाये थे!" डोमाभाऊंच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि मला कळलं. मी त्यांचा हात धरला, कशासाठी धरला ते मलाही माहीत नाही.

काळ्या कपड्यांतली चार माणसं आली आणि त्यांनी पलंगावर झाकण लावलं.

"अरे!" तुळसाबाई किंचाळल्या. "जीव गुदमरन ना तिचा!"

मग दोर आले. पेटी खाली, खड्ड्यात उतरू लागली. आमच्याकडे माणूस जातो तो बांबूच्या तिरडीवरून. पुरतात ते गावानं पाहिलेलं आहे, पण गादी, झालर, पेटी हे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या मुलखात माणसाला असं सजवून, निजवून मातीत ठेवतात, हे अंगणात बसून कोणाला सुचणार? टोपडेवाल्यानं मूठभर माती उचलली.

डोमाभाऊ उभे राहिले. "उघड!" ते पडद्याकडे हात करून ओरडले. "उघड ना बे! माय हाये तुही! उघड!"

कॉलेजची पोरंसुद्धा हसायची थांबली. माती पडली. दिवे लागले तरी आमच्यातलं कोणी जागचं हलेना. शेवटी टॉकीजवाल्यानं येऊन हळूच विचारलं, "कोणाच्या घरचं काही झालं का?"

परतीच्या ट्रॉलीत कोणी डोमाभाऊंची टर उडवली नाही. एरवी ही माणसं सोडणारी नव्हेत. ट्रॅक्टर खडखडत होता आणि सगळे बांधांकडे पाहत बसले होते. डोमाभाऊ या वेळी मागे बसले होते, तळाशी, माझ्या पायांजवळ.

"चित्र खोटं नाई बोललं गुरुजी," ते म्हणाले. "म्याच पलंग पाह्यला त्याच्यात."

मी खाली सरकून त्यांच्याशेजारी बसलो.

"सुधाकर जाताना मायले म्हने, 'माय, धानाची रोवनी करून करून तुही कंबर गेली. कमाई करून येतो, तुले गादीचा पलंग आनतो.' माह्याशी नाई बोलला, तिच्याशी बोलला. मंग मले त्या पानावर दुसरं काय दिसन?" आणि मग ट्रॉलीतल्या सगळ्यांकडे पाहत, हात जोडून, "जनीले कोनी काही सांगू नका बापा. थे त्या पलंगाच्या भरोशावर हाये."

सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मग सगळ्यांच्या नजरा तुळसाबाईंकडे गेल्या. तुळसाबाईंच्या पोटात बातमी कधी टिकत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि रस्त्याच्या कडेला पाहत राहिल्या. मला मनापासून भीती वाटली.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जनाबाई दारातच होत्या. ट्रॉली थांबली, आणि नेमक्या तुळसाबाई आधी उतरल्या.

"काऊन वो तुळसे, दाखवला का पलंग?"

तुळसाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं.

"माय वो, काय सांगू! गादीच गादी! आपल्या अंगनाएवढा पलंग. अन फुलं तं इतकी का मोजता नाई येत." आणि तडक स्वतःच्या घरात शिरून त्यांनी दार लावून घेतलं. त्यांच्यावर मी आजवर केलेल्या सगळ्या विनोदांची मला लाज वाटली.

जनाबाई नवऱ्याकडे वळल्या. "मंग पोरानं उठवलं मायले?"

डोमाभाऊ चप्पल काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. "नाई," ते खालीच पाहत म्हणाले. "निजू देलं."

"मी तं नसती निजली," जनाबाई म्हणाल्या. "मी पावलाच्या आवाजानं उठली असती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोमाभाऊ पुस्तक घेऊन बाजेवर बसतील असं मला वाटलं नव्हतं. पण बसले, आणि गावही जमलं. एकूण एक माणूस सिनेमा पाहून आलेला. तरी सायब लबाडच राहिला, साधू चांगलाच राहिला, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटचं पान आलं. पलंग आला, गादी आली, झालर आली. "आला बापा घरी," डोमाभाऊ म्हणाले. एरवी इथे पुस्तक मिटायचं. त्या दिवशी मिटलं नाही. मागचा कोरा पुठ्ठा त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि दारातल्या जनाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

"अन पावलाच्या आवाजानं माय उठली."

"उठलीच पाहिजे," तुळसाबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जनाबाई उठून चुलीकडे गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.