काखेत आग, गावाला वळसा

मी मूळचाच भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मला गायींची भीती वाटते (आणि आमच्या हिंटरकिर्ख गावात माणसांपेक्षा गायी जास्त), दंतवैद्याची वाटते, सासऱ्यांची वाटते आणि सगळ्यांत जास्त वाटते ती ऑटोबानची. ज्या रस्त्यावर कितीही वेगाने जायला सरकारची ना नाही, त्या रस्त्यावर शहाण्या माणसाने पाऊलच ठेवू नये, असं माझं मत आहे.

आणि असा हा माणूस गावच्या अग्निशमन दलात एकोणीस वर्षं आहे! पगारी नव्हे हं. आमच्याकडे दल गावकऱ्यांचंच असतं. कुणी दिवसभर पाव भाजतो, कुणी दूध काढतो, माझ्यासारखा कुणी पंचायतीत शिक्के मारतो. पण कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून सगळे बंबाच्या ठाण्याकडे पळतात. एकोणीस वर्षांत मी बहुतेक वेळा पाईपच्या शेपटाकडे उभा राहिलोय. तोंडाकडे फार गरम होतं.

तर त्या रविवारी दलाच्या कमांडरची निवडणूक होती. माझे सासरे, सेव्हरिन, चोवीस वर्षं कमांडर राहून निवृत्त होणार होते, आणि उभे होतो आम्ही दोघे: मी आणि गॅरेजवाला बेनो. बेनो म्हणजे सहा फूट उंच, हातात गाडीचं चाक असं उचलतो की जणू थाळी. त्याच्यापुढे मी म्हणजे अगदीच पापड. पण मला ते पद हवं होतं हो! कशाला खोटं बोलू? लग्नाला सतरा वर्षं झाली. एकदा, फक्त एकदा, ट्राउडलने (ही माझी बायको) आणि तिच्या बापाने माझ्याकडे बघून "वा!" म्हणावं, एवढीच इच्छा होती.

आणि नेमका शुक्रवारी संध्याकाळी गाडीत पिवळा दिवा लागला.

आमची गाडी डिझेलची, अगदी नव्या धाटणीची. गाडीचं पुस्तक काढलं. पान दोनशे चौदा: धूर गाळणारा फिल्टर काजळीने भरला आहे, कारण गाडी नेहमी जवळच्या जवळ चालवली जाते. (खरंच होतं. घर ते पंचायत सव्वा किलोमीटर.) उपाय: गाडी वेगाने, न थांबता, अर्धा तास चालवा, म्हणजे इंजिन तापून काजळी आपोआप जळून जाईल. सोबत चित्र होतं. चित्रात ऑटोबान होता.

मी घाईघाईने पान उलटलं. पुस्तक म्हणत होतं, तेलही तपासा. तेल मोजायची पट्टी काढली, तर तेल खुणेच्या वर! तेल कमी झालं तर घाबरायचं असतं, हे मला ठाऊक होतं. वाढलं तर? पान दोनशे सोळा म्हणालं, ताबडतोब गॅरेज गाठा.

पण गावात गॅरेज एकच, बेनोचं. निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्याच्या दारात जाऊन काय सांगू? "बेनो, मी ऑटोबानला घाबरतो म्हणून माझी गाडी तुंबली आहे. आणि हो, उद्या मला मत दे"? अख्ख्या गावाला दिवाळी झाली असती.

म्हणून मी ठरवलं की काम घरीच उरकायचं. इथंच माझं चुकलं.

माझ्याकडे काडेपेटीएवढी एक डबी होती, इंटरनेटवरून मागवलेली. ती स्टिअरिंगखाली खोचायची, मोबाइलवर बटण दाबायचं, आणि गाडी जागेवर उभी राहून स्वतःची काजळी स्वतः जाळते. ऑटोबान नाही, बेनो नाही, भीती नाही! शनिवारी दुपारी ट्राउडल स्वयंपाकघरात रुबार्बचा केक करत होती, तेव्हा मी मांजराच्या पावलांनी गाडीपाशी गेलो.

पण गाडी उभी कुठे करायची? पुढच्या अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं आमच्याकडे नियमाबाहेर. त्यातून शेजारच्या प्रांटलबाई पडद्याआड वही घेऊनच बसलेल्या असतात. कुणी बाटल्या चुकीच्या डब्यात टाकल्या, कुणी अंगण झाडलं नाही, सगळी नोंद पंचायतीत येते. पंचायतीत ती घेणारा कारकून मीच! म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार मलाच नोंदवून मलाच नोटीस काढावी लागली असती. नकोच ते. मी गाडी आमच्या जुन्या, रिकाम्या गोठ्याच्या मागे नेली. तिथे गुरुवारी कापलेलं गवत वाळत पडलं होतं. छान मऊ होतं. आवाजही कमी होईल म्हटलं.

(दर ऑक्टोबरात मी शाळेत जाऊन मुलांना आगीबद्दल व्याख्यान देतो. त्यातलं चौथं चित्र मी स्वतः काढलंय: गरम मोटार, खाली वाळकं गवत आणि त्यावर मोठी लाल फुली. बोला आता!)

मोबाइलवर एकामागून एक अकरा सूचना आल्या. प्रत्येकीखाली विचारलेलं, "वाचले का?" मी अकराही वेळा "हो" दाबलं. पंचायतीत मी रोज लोकांकडून अशाच खुणा करून घेतो. तिथेही कुणी वाचत नाही.

इंजिनाने आधी गुरगुर केली, मग एकदम डरकाळी फोडली. मी चार पावलं मागे सरलो. डरकाळी वाढली, तसा लाकडांच्या ढिगाआड गेलो. मागच्या नळीतून येणारी हवा अशी तापली की पलीकडचं कुंपण हलताना दिसू लागलं. तेवढ्यात धूर निघाला. माझी पाचावर धारण बसली, पण मोबाइल म्हणत होता, "थोडा धूर व वास येणे स्वाभाविक आहे." मी म्हटलं, स्वाभाविक तर स्वाभाविक! आणि हळूच घराच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. न बघितलेली गोष्ट कमी भीतीची असते.

आणि पेजर वाजला.

आता आमच्या सासऱ्यांचा नियम असा: पेजर वाजला की आधी पाय, मग डोळे. वाचत बसलेला माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस उशिरा पोचतो. एकोणीस वर्षांची सवय! गाडी कामात होती, म्हणून सायकल काढली आणि टांग मारली. तोच हात पिठाने माखलेली ट्राउडल गोठ्याच्या बाजूने धावत आली.

"वेंडेलिन! आग! अरे आग लागलीय!"

"माहितीये! तिकडेच चाललोय!"

"अरे थांब, कुठे चाललास?"

"थांबायला वेळ नाही! कुणाचं तरी घर जळतंय, ट्राउडल!"

आणि गेलो. खरं सांगतो, त्या उतारावर मला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली नाही. छाती फुगली होती. ठाण्यावर मी सगळ्यांत पहिला पोचलो, बेनोच्याही आधी! तो आला तेव्हा मी शिरस्त्राण घालून बंबात बसलेला. त्याने स्टिअरिंग धरलं, बाकीचे चढले, भोंगा वाजला. मी ऐटीत विचारलं, "कुठे आहे रे आग?"

"पेजर वाचला नाहीस?"

"आधी पाय, मग डोळे."

बेनोने वाचलं, "वाहनाला आग. गोठ्याच्या मागे. मुलवेग रस्ता, घर नंबर सात."

"अरेरे! बिचारे," मी म्हणालो. मग मनात मोजू लागलो. मुलवेग पाच म्हणजे प्रांटलबाई. नऊ म्हणजे दूधवाले. मधले सात म्हणजे...

"वेंडेलिन," बेनो हळू आवाजात म्हणाला, "तुझं घर."

निवडणूक, गाडी, सासरे, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. डोळ्यांपुढे फक्त ट्राउडल आली, पिठाचे हात पसरून रस्त्यात उभी असलेली, मला थांब म्हणणारी. तिला एकटीला आगीपाशी टाकून मी सायकलची घंटी वाजवत निघून आलो होतो. गायींची, दंतवैद्याची असल्या सगळ्या भीत्या त्यापुढे खेळणी होती. "बेनो, पळव रे," एवढंच तोंडातून आलं. बंब ताशी शंभरावर गेला, आणि मला तो हळू वाटला.

आम्ही पोचलो तेव्हा गवत काळं झालेलं, गाडीचा मागचा बंपर मेणबत्तीसारखा गळालेला, पण गोठा शाबूत. आणि मधोमध बागेचा पाईप हातात घेऊन, केस ओले, चेहरा लाल, ट्राउडल उभी. शेजारी सासरे. ते आमच्याआधीच आले होते.

"या, या, जावईबापू!" ते म्हणाले. "सात मिनिटांत आलात. उत्तम वेळ. तुमच्या बायकोने चार मिनिटांत विझवली. काखेत आग आणि गावाला वळसा!"

मी धावत ट्राउडलकडे गेलो. "तुला लागलं नाही ना? भाजलं नाही ना?"

तिने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. मग पाईप उचलला आणि पाण्याचा सबंध झोत माझ्या छातीवर सोडला.

"अजून कुठे धग राहिलीय का, ते बघतेय," ती म्हणाली. आवाज कापत होता. मी तसाच भिजत उभा राहिलो. जागचं हलायचं माझ्या मनातही आलं नाही.

बेनो गाडीत वाकला आणि ती डबी काढून माझ्याजवळ आला. "फिल्टर?"

मी मान हलवली.

"अरे, ऑटोबानवर अर्धा तास पिटाळली असतीस तर काम झालं असतं."

"तिथे भीती वाटते रे," मी कुजबुजलो. "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगू? सगळ्या गावाला माहितीये."

झालं! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी चर्चनंतर ठाण्यात सभा भरली. मी नाव मागे घ्यायला उठलो, तर सासरे म्हणाले, "खाली बसा." बसलो. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या. एकेक चिठ्ठी उघडून सासरे नाव वाचू लागले, आणि माझा कानांवर विश्वास बसेना. वेंडेलिन. वेंडेलिन. वेंडेलिन. एकतीस मतांपैकी तीस मला! (बेनोला पडलेलं एक मत माझं होतं. शरमेने दुसरं काही लिहवलंच नाही.)

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासऱ्यांनी स्वतःच्या छातीवरचा बिल्ला काढून माझ्या छातीवर लावला आणि चक्क म्हणाले, "वा!" दारात ट्राउडल उभी होती. ती हसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना माझ्यात काहीतरी दिसलं होतं म्हणायचं! स्वतःचं घर जळत असताना कर्तव्यावर धावणारा माणूस! मी बेनोला मिठी मारली (माझं डोकं त्याच्या पोटाला लागलं) आणि गहिवरून विचारलं, "बेनो, तूसुद्धा मला मत दिलंस?"

"देणार नाही तर काय? ट्राउडलचा काल सगळ्यांच्या घरी फोन आला होता."

"काय म्हणाली?" मी डोळे पुसत विचारलं. "माझं कौतुक केलं?"

"नाही बुवा," बेनो म्हणाला. "कमांडरने ठाण्यावर यायचं नसतं ना, पेजर वाजला की त्याने थेट आगीपाशी जायचं. ती म्हणाली, 'त्याला कमांडर करा रे बाबांनो. म्हणजे पुढच्या वेळी आमचं घर पेटलं, तर निदान तो घरी तरी थांबेल.'"