पोटॅशियमाच्या बंडाची हकीकत

"मशीनास बोल लावण्याआधीं आपले हात आठवावे," ऐसें आमच्या गुरुबाई सांगत असत. त्यांस स्मरून, श्रीचरणीं मस्तक ठेवून लिहितें. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमास, सोमवार, ते दिवशीं सकाळीं रक्ततपासणीच्या राज्यांत मोठा हंगामा जाहला. पोटॅशियम नामें क्षार बंडास उठला, आणि जी ट्यूब लावावी तिचा आंकडा चढलेला. मग नवी नेमलेली तेजल घोडके घाबरी होऊन कंपनीच्या इंजिनियरास फोन लावूं लागली, तों राज्याच्या मुख्य अनसूयाबाई सामंत उपवासाचा राजगिरालाडू हातीं घेऊन पातल्या, आणि वदल्या कीं, इंजिनियर दुपारीं येतील, परंतु याच आंकड्यावरून वॉर्डांत सगुणाआजी नामें रुग्णास क्षार उतरविण्याचें औषध आतांच सुरू होईल, आणि क्षार चढलाच नसेल तर तें जिवावर बेतेल. मग वॉर्डास कळवून औषध थांबविलें.

"काय चुकलें तें तुम्हीच सांगा ना, बाई."

"मी सांगितलें तर मलाच कळेल. तूं शोध. मी लाडू खातें."

मग तेजलनें ज्याचा आंकडा आधींच ठाऊक तो द्रव मशीनास पाजला, आणि आंकडा बरोबर आला, सबब मशीन निर्दोष सुटलें. मग तिनें आपलेंच ताजें रक्त काढवून लाविलें, तेंही शहाण्यासारखें वागलें. तेव्हां बंड त्या ट्यूबांतच, ऐसा निश्चय करून ती हळूच म्हणाली, "बाई, काल सांजेला रक्त यंत्रांत गरगर न फिरवतां, वरचें पाणी पेशींपासून वेगळें न करतां, मीच फ्रिजांत ठेवलें. नासूं नये म्हणून. थंडींत पेशींनीं क्षार बाहेर टाकला."

"दूध आहे काय तें, ठेवायला?" बाई हंसल्या, आणि उरला लाडू तिच्या हातीं दिधला.

आतां सर्वांचें रक्त पुन्हां घेणें आलें. तेजलनें वॉर्डास फोन लाविला; सिस्टरांनीं तो सगुणाआजींच्या कानाशीं धरिला, तों आजी उत्तरल्या कीं, कोण चुकलें तें तोंडानें सांगणारी येईल तरच हात पुढें करीन. तेजल म्हणाली, "मीच येतें, आजी. आधीं चूक सांगेन, मग सुई."

सारांश, मशीनाची अब्रू राहिली, इंजिनियरांची खेप वांचली, आणि राज्यास विचार करणारें एक माणूस लाभलें. आजींचा खरा आंकडा अद्याप कळणें आहे. तेजलनें ट्रे उचलिला, पदर नसतांही पदर सांवरल्यासारखें केलें, आणि वॉर्डाचा जिना चढूं लागली.