एकही खिळा नाही!

"पलंग मी स्वतः करणार!" तपासनिसांनी जेवता जेवता जाहीर केलं. "काळं शिसव आणि सोनेरी साग. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही! नुसत्या खाचा आणि सरस. शंभर वर्षं हलणार नाही!"

तपासनीस विमा कंपनीत दावे तपासायचे. कुणाचं दुकान जळालं, तर काडेपेटी कुणाच्या खिशात होती हे ते आधी विचारायचे. घरी आले तरी डोळे तेच.

पलंग होता सासऱ्यांसाठी. जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवत आलेले सासरे रविवारी कायमचे राहायला येणार होते. लग्नानंतर या जावयाला भिंतीत खिळा ठोकताना पाहून ते म्हणाले होते, "राहू द्या. तुमचे हात सही करायला आहेत." अठरा वर्षं झाली, पण ते वाक्य तपासनिसांच्या काळजातून काही निघालं नव्हतं.

म्हणून मागची छोटी खोली रिकामी झाली. अंगणात रंधा फिरू लागला, घरभर भुसा झाला. घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर त्यांनी बायकोच्या हातात ठेवला. "हा घे! खऱ्या सुताराला याची गरज नसते."

बायकोनं तो निमूटपणे पर्समध्ये टाकला. पर्समध्ये का? तपासनिसांनी मनातल्या मनात नोंद केली.

बुधवारी बायको मागच्या खोलीत टेप घेऊन उभी! मोजत होती चक्क दार.

"काय चाललंय?"

"अहो, मी म्हणत होते, हे दार..."

"दाराची काळजी तू करू नकोस! पलंगाचं बोल."

"पलंगाचंच बोलतेय."

"मग बोलू नकोस!"

गुरुवारी ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. तपासनीस फ्रिजआड श्वास रोखून उभे राहिले. "हो बाबा, मोजलं मी... छे, ह्यांना सांगायला गेलं की चिडतात... घडीचा बरा पडेल. रविवारच्या आत आणते."

तपासनिसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टेप, फोन, घडीचा! बायको दुकानातून तयार पलंग आणणार, सासरे त्याच्यावर झोपणार, आणि आपला शिसवाचा पलंग वाळवणं घालायला जाणार! सगळं माहेर सामील! त्यांना रागही आला आणि मनापासून वाईटही वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी सगळे भाग मागच्या खोलीत नेले. आठवडाभर दार सताड उघडं असायचं. आज मात्र गुप्तता हवी. त्यांनी दार लावलं, कडी घातली, वर किल्लीच्या भोकात बोळा कोंबला. खाचांना सरस लावला, हातोडीनं सांधे बसवले. काळ्या चौकटीत सोनेरी फळ्या! ऐसपैस, राजाला शोभेल असा. दोन तासांत सरस दगडासारखा वाळला. तपासनिसांचे डोळे भरून आले.

अकराला बाहेर रिक्षा थांबली. "बाबा आले!" बायको ओरडली.

तपासनिसांनी ऐटीत कडी काढली, दार आत ओढलं. दार वीतभर उघडलं आणि ठक्क! पलंगाच्या पायाला अडलं.

पुन्हा ओढलं. ठक्क! पलंग ढकलला, तर तो तिन्ही भिंतींना टेकलेला. उचलायला गेले, तर कंबरेतून कळ आली. त्या फटीतून मांजर गेलं असतं. तपासनिसांचं पोट जाणं शक्य नव्हतं. खिडकीला गज!

फटीत सासऱ्यांचा एक डोळा दिसला.

"जावईबापू, एखादा पाय सोडवा की."

"सुटणार नाही, बाबा. स्क्रू नाहीत."

"आणि सरस?"

"वाळला."

"चांगला वाळलाय?"

"फार चांगला."

डोळा पलंगावरून दाराकडे वळला. "दार उघडं ठेवून जोडला असतात, तर लगेच कळलं असतं. लावलंत कशाला?"

आता काय सांगायचं! तुमच्यावर संशय होता म्हणून? तपासनीस पलंगावर मटकन बसले. पलंग जरासुद्धा करकरला नाही.

तेवढ्यात फटीतून बायकोचा हात आत आला. हातात स्क्रूड्रायव्हर! "बिजागऱ्या आतून आहेत. दार पलंगाला अडणार, हे बुधवारीच सांगणार होते. हा लागणार हे माहीत होतं, म्हणून पर्समधून हलवला नव्हता."

खऱ्या सुतारानं निमूटपणे सहा स्क्रू काढले. दार निखळलं. सासरे चप्पल काढून आत आले, पलंगावर चढले, प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. तपासनिसांचा जीव टांगणीला लागला.

"सांधे उत्तम," सासरे म्हणाले. "असा पलंग माझ्या वर्गात एकाही पोरानं केला नाही. दार मी करून देतो. बाहेर उघडणारं."

तपासनिसांची छाती फुगली. अठरा वर्षांचा सल एका दमात निघाला! बायकोवर उगाच संशय घेतला म्हणून लाजही वाटली. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मी वेडा. मला वाटलं तू दुकानातून पलंग आणतेयस."

"आणलाय ना! घडीचा. हॉलमध्ये ठेवलाय."

"कशाला?"

"तुमच्यासाठी. पलंग दाराला अडला, की तुम्ही करवत घेऊन तो तोडाल, असं बाबांना वाटत होतं. मग ते कुठे झोपणार? आपल्या खोलीत. आणि तुम्ही हॉलमध्ये."

तपासनीस हॉलमध्ये गेले. घडीचा पलंग उलगडून पाहिला.

चारही पायांना स्क्रू होते.