लोखंडाचा गुलाल

"खाणीत बघण्यासारखा काय आसता? खड्डो!" सुगंधा म्हणाली.

"खड्डो नाय गो तो. पृथ्वीच्या पोटातली संपत्ती ती," काशिनाथ मास्तर म्हणाले.

"मगे पोटातली गोष्ट पोटातच रवांदे."

पण मास्तर ऐकणाऱ्यातले नव्हते. मालवणच्या हायस्कुलात त्यांनी एकोणीस वर्षं भूगोल शिकवला होता. लोखंड, मँगनीज, क्रोमाइट कुठे सापडतं ते झोपेतही सांगितलं असतं; पण स्वतःच्या डोळ्यांनी खाण म्हणून त्यांनी पाहिली नव्हती. आता पुतणीच्या लग्नासाठी आरोंद्याला आल्यावर रेडीच्या खाणी अगदी जवळ होत्या. लग्न काल पार पडलं, मालवणला परतायचं उद्या. मधला एक दिवस मोकळा होता.

सुगंधालाही तो दिवस हवा होता, पण वेंगुर्ल्यासाठी. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याबरोबर ती घराबाहेर पडली ती कुणाच्या तरी लग्नाला, बारशाला नाहीतर तेराव्याला. नुसतं फिरायला म्हणून कधी नाही. वेंगुर्ल्याचं बंदर, दीपगृह, डच लोकांची जुनी वखार, बाजार... मांडवात बायका कौतुकानं सांगत होत्या, आणि ती अक्षता निवडता निवडता ऐकत होती.

शेवटी तह झाला. सकाळी त्यांची खाण, दुपारी तिचं वेंगुर्ले.

"जुनो सदरो घाला," तिनं बजावलं. "खाणीत माती आसतली."

"आणि दुपारी वेंगुर्ल्याच्या बाजारात जुन्या सदऱ्यान फिरू?" असं म्हणून मास्तरांनी लग्नातलंच परीटघडीचं धोतर आणि रेशमी कोट चढवला, वर छत्री घेतली. मग तिनंही हट्टानं आपलं फिकट पिवळं लुगडं नेसलं.

रेडीच्या अलीकडे एसटीतून उतरून ते डोंगर चढले. खाणकंपनीनं आता पलीकडच्या डोंगरावर मुक्काम हलवला होता. इकडच्या जुन्या खाणी तशाच उघड्या पडल्या होत्या. डोंगर कुणीतरी कलिंगडासारखा कापून ठेवावा, तसा आतून लालभडक दिसत होता. कडेच्या काजूंची पानंसुद्धा लाल. खाली तळाशी गढूळ पाण्याचं डबकं, आणि समोर, झाडांच्या शेंड्यांवरून, निळा समुद्र.

सुगंधा बघतच राहिली. मास्तरांनी एक खडा उचलून तिच्या हातावर ठेवला.

"अगो बाय, जड आसा!"

"लोखंड ता. ह्याचा पोलाद होता, पोलादाची रेल्वे होता..."

मास्तर शिकवण्याच्या आवेशात एक पाऊल मागे गेले. वर्गात मागे फळा असतो. इथे उतार होता. पायाखालची भुकटी सरकली आणि मास्तर बसल्या बसल्या, कोटासकट, छत्रीसकट, थेट डबक्यापर्यंत घसरत गेले.

"अवो!" सुगंधा ओरडली.

"काय एक झाला नाय!" खालून आवाज आला. "छत्री धर आणि ओढ!"

मास्तर हातापायांवर अर्ध्यापर्यंत चढले आणि त्यांनी छत्रीचं टोक वर केलं. सुगंधानं ते धरून ओढलं. आता, मास्तरांचं वजन तिच्यापेक्षा दीडपट होतं. ह्या हिशेबातून जे व्हायचं तेच झालं. क्षणभरात दोघं डबक्याकाठी शेजारी शेजारी बसलेली होती.

सुगंधानं पदर ओला करून मास्तरांचा कोट पुसायला घेतला. तोवर कोटावर नुसती भुकटी होती, ती झटकता आली असती. आता तिचा लेप झाला. मास्तरांनी तिचं तोंड पुसलं, तर तोंडावरही लेप चढला. मग दोघांनी पुसणं सोडून दिलं आणि एकमेकांकडे बघितलं. मास्तरांच्या मिशासुद्धा लाल झाल्या होत्या. सुगंधाला असं हसू फुटलं की उठता उठता तिला तिथेच पुन्हा बसावं लागलं.

पलीकडची ट्रकांची जुनी वाट शोधून रस्त्यावर येईपर्यंत एसटी निघून गेली होती. पुढची दोन तासांनी. तेवढ्यात एक रिकामा ट्रक आला. शिवा नावाचा ड्रायव्हर तो दुरुस्तीला वेंगुर्ल्याला नेत होता.

"आरोंद्याकच परत जाव्या," मास्तर म्हणाले.

"ह्या अवतारात? वऱ्हाड अजून घरात आसा. जन्मभर हसतले." सुगंधानं पदर खोचला. "वेंगुर्ल्याक चला. थंय आमका वळखता कोण? खंयच्या तरी बावीर पाणी काढून धुवूया."

शिवाच्या शेजारची जागा टायर आणि अवजारांनी भरली होती, म्हणून दोघं मागच्या हौद्यात उभी राहिली. ट्रक रोज खनिज वाहायचा. तळाशी चार बोटं लाल भुकटी साठली होती. मोचेमाडच्या घाटीत वारा लागला आणि ती सगळी उडाली. खाणीत जे थोडंफार पांढरं-पिवळं उरलं होतं, तेही रंगून गेलं.

आता त्याच दिवशी शिरोड्याच्या शाळेत लोकल बोर्डाच्या निवडणुकीची मतमोजणी चालली होती, हे ह्या दोघांना कसं ठाऊक असणार? वेंगुर्ल्यातून दोघे उभे होते, काजूचे व्यापारी भिकाजीशेट आणि लवू वकील. भिकाजीशेटची माणसं बँड घेऊन सकाळपासून वेंगुर्ल्याच्या नाक्यावर शिरोड्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. निकाल कळताच सायकलीवरून निरोप आणायला एक माणूस धाडला होता, पण त्याचा पत्ता नव्हता.

नाक्याजवळ ट्रकासमोर म्हैस आडवी आली. शिवानं हॉर्न दाबला. म्हैस गेली, पण हॉर्न काही उठेना. बटण आत रुतून बसलं आणि ट्रक अखंड ठणाणा करत नाक्यावर आला.

नाक्यावरच्यांनी काय बघितलं? शिरोड्याच्या बाजूनं हॉर्न वाजवत ट्रक येतोय, आणि वर गुलालानं नखशिखांत माखलेले एक गृहस्थ सपत्नीक उभे आहेत, हात वर करून हलवताहेत. मास्तर हात हलवत होते ते 'बाजूक व्हा' म्हणून.

"गुलाल इलो! गुलाल इलो!"

"कोणाचो? भिकाजीशेट?" एकजण ट्रकाबरोबर धावत ओरडला.

हॉर्नच्या गोंगाटात मास्तरांना फक्त त्याचं तोंड हललेलं दिसलं. हॉर्न बिघडलाय काय, असं तो विचारत असावा असं समजून त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

झालं! बँड सुरू झाला. दहा-बारा माणसं हौद्यात चढली, दोघं पायरीवर लटकली. कुणी खऱ्या गुलालाचं पोतं फोडलं. शिवाला गॅरेजकडे वळायचं होतं, पण पुढे नाचणारे ज्या वाटेनं जातील त्याच वाटेनं ट्रक नेणं भाग होतं.

सुगंधा आधी घाबरली. मग तिच्या ध्यानात आलं की ट्रक बाजारातून चाललाय. दोन्ही बाजूंना दुकानं, माडीवर बायका उभ्या, कुणी फुलं टाकतंय, आणि ही सगळ्यांच्या वर, हौद्याची फळी धरून. पुढे बंदर लागलं. गलबतांच्या डोलकाठ्या दिसल्या.

"अवो, ता बगा दीपगृह!"

"सुगंधा, आपण संकटात आसंव!"

"ता माका ठावक आसा. पण वखार खंय ती तरी विचारा!"

मिरवणूक वखारीच्या पडक्या भिंतीशेजारूनही गेली. शेवटी भिकाजीशेटच्या दारात शिवानं एक वायर उपटली. हॉर्न थांबला, आणि अंगणात सोन्यासारखी शांतता झाली.

पायरीवर भिकाजीशेट उभे होते. बुटके, गोल, गळ्यात सकाळपासून सुकत चाललेला हार. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सांगा खरा काय ता," सुगंधा कुजबुजली.

"भाषण! भाषण!" लोक ओरडले.

मास्तरांनी घसा खाकरला. खरं सांगायची ही संधी होती, आणि खरं ते शुद्ध भाषेतच सांगायचं अशी त्यांची सवय.

"बंधूंनो, आपला गैरसमज होतो आहे! माझ्या अंगावर जो आहे तो गुलाल नव्हे! ते लोखंड आहे!"

क्षणभर कुणाला अर्थ लागला नाही. मग मागून कुणीतरी गर्जना केली, "लोखंड! भिकाजीशेट म्हणजे लोखंड!"

"अहो, तसं नव्हे! मी खाणीतून आलो!"

"खाणीतलो माणूस! कामगारांचो पाठिंबो भिकाजीशेटक!"

मास्तर जितकं खरं सांगत गेले तितक्या टाळ्या वाढत गेल्या. तेवढ्यात भिकाजीशेटच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, सुगंधाचा हात धरून तिला आत नेलं. गरम पाणी दिलं, स्वतःचं धुवट लुगडं दिलं. न्हाऊन बाहेर आल्यावर सुगंधाला राहवेना. तिनं खाणीपासून म्हशीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

सावित्रीबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी हातातलं लाकूड चुलीत सारलं.

"म्हणजे निकाल अजून येवक नाय?"

"नाय गो. माका लय वायट वाटता."

"पडलो तर बरोच. दुकानात जीव नाय, घरात जीव नाय, चार म्हयने नुसतो मतां मोजता." मग त्यांनी खिडकीतून अंगणात बघितलं. भिकाजीशेट मास्तरांना मिठी मारत होते, आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल उमटत होतं. "पण तेका इतको खूश मी आमच्या लग्नातसुद्धा बघूक नाय. जरा वगी रव, बाय. तेका एक कप कॉफी सुखान पिवांदे."

सुगंधानं पोटातली गोष्ट पोटातच ठेवली. कॉफीचा कपही तिच्याच हातून बाहेर गेला.

तेवढ्यात फाटकातून लवू वकील आले. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या घरी जाऊन हार घालावा, ही रीत त्यांना पाळायची होती. उंच, किडकिडीत, काळा कोट घातलेले वकील पायरीवर चढले, भिकाजीशेटच्या गळ्यात भला मोठा झेंडूचा हार घातला आणि कोर्टात बोलावं तसं बोलले, "मी आज जाहीरपणे सांगतो. ह्या जागेसाठी भिकाजीशेट माझ्याहून अधिक लायक होते. निकाल उलटा लागला असता, तरी मी हेच म्हणालो असतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विरतो न विरतो तोच फाटकात सायकल आपटली. निरोप्या धापा टाकत उभा होता. वाटेत चाक पंक्चर झालं होतं.

"लवू वकील," तो म्हणाला. "चौतीस मतांनी."

ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली. मग हळूहळू सगळ्या माना काशिनाथ मास्तरांकडे वळल्या.

"मी सांगत होतो," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "लोहखनिज..."

"कोण रे हो?" एकजण बाह्या सरसावत पुढे आला. "वकिलान धाडलो काय?"

सुगंधा धावत जाऊन नवऱ्याच्या पुढे उभी राहिली. "कोणी धाडूक नाय! माझो घो तो, मालवणचो मास्तर. खाण बघूक गेलो आणि घसारलो. तुमी लोकांनी इचारल्यात खंय? नुसते नाचलात!"

भिकाजीशेट पायरीवर मटकन बसले. त्यांनी आपल्या सदऱ्यावरची लाली दोन बोटांत चोळली, हुंगली. आता ह्यांना काही होतंय की काय, असं सुगंधाला वाटलं. पण भिकाजीशेटचं पोट आधी हळूच आणि मग गदागदा हलायला लागलं. ते हसत होते.

"वकिलांनू," ते डोळे पुसत म्हणाले, "आताच ह्या शंभर माणसांच्या समोर काय म्हणालात?"

वकील चपापले. "कशाबद्दल?"

"निकाल उलटो लागलो आसतो तरी भिकाजीच लायक. लागलो उलटो. आता?"

"म्हणालो खरा," वकील पुटपुटले. इतक्या साक्षीदारांसमोर दिलेली जबानी फिरवता येत नाही, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला माहीत?

"मगे बोर्डात तुमी बसा, पण काय बोलाचा ता दर आयतवारी हय येवन माका इचारून जावा. रस्तो आधी मोचेमाडचो, मगे बाकी." भिकाजीशेटनी झेंडूचा हार काढून वकिलांच्या गळ्यात घातला. "आणि ह्यो तुमचो हार. बँडवाल्यांनू, वाजवा रे! पैशे दिलेत ते संध्याकाळपर्यंतचे!"

बँड पुन्हा सुरू झाला. दारातून सावित्रीबाई म्हणाल्या, "आयतवारी वकिलांका जेवकच सांगा. तुमी आता घरातच आसतलात."

संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला दोघांना सोडायला सगळं अंगण आलं होतं. बँड थांबेपर्यंत गाडीची वेळ झाली होती, म्हणून मास्तरांनी आंघोळीला साफ नकार दिला होता. गाडी चुकेल ह्या भीतीनं ते तसेच, लालच्या लाल, गाडीत चढले. सुगंधाच्या ओटीत नारळ होता, पदरात काजू होते.

कंडक्टरनं मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अरे वा! गुलाल! कोण इलो निवडान?"

"त्याचं असं आहे," मास्तरांनी सुरुवात केली, "हा गुलाल नव्हे..."

सुगंधानं त्यांचा हात दाबला.

"सगळेच," ती कंडक्टरला म्हणाली. "दोन तिकिटां द्या, आरोंद्याची."