वाचायला दिलेला फोन

निहार हे लिहिणारच नव्हता. आपलीच फजिती आपणच टाइप करायची म्हणजे दुहेरी कंटाळा. पण व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसच्या कॅबमध्ये अडकल्यावर माणूस दुसरं करणार काय?

झालं असं. ऑफिसातल्या सुहासने एका नव्या कादंबरीची चोरटी कॉपी फोनवर उतरवली. निहारने त्याला जेवताना लेखकाच्या पोटावर पाय देण्याबद्दल लांबलचक ऐकवलं, आणि तीच कादंबरी अ‍ॅपवर रीतसर विकत घेऊन दाखवली. सुहासने हे घरी सांगितलं. त्याच्या आईला, विद्याकाकूंना, डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मोठी अक्षरं लागत, म्हणजे फोनवरचंच पुस्तक. त्यांचा निरोप आला, चोरीचं नको, निहारचं दे.

पण अ‍ॅपला एका खात्यावर एकच फोन चालायचा. निहारने काकूंना दुसरी प्रत घ्यायला सुचवलं. बनशंकरीतल्या त्यांच्या ओळखीत एक पुस्तक सगळ्या घरांतून फिरून, कव्हर फाटल्यावरच परत यायचं. त्यांना हे पटेना.

“तू घेतलंयस ना? मग मी परत कशाला घेऊ? वाचून देते की. स्वल्प थांब.”

एवढं भाषण ठोकल्यावर नाही कसं म्हणणार? निहारने सिम आपल्या जुन्या डबडा फोनात घातलं आणि अख्खा फोनच काकूंना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी कळलं, ऑफिसचं लॉगिन त्या फोनवर ‘होय’ दाबल्याशिवाय उघडत नाही. मग रोज सकाळी सुहासने आईला फोन करायचा आणि काकूंनी ‘होय’ दाबायचं. मॅनेजर रघुनंदनने उशिराचं कारण विचारलं, तेव्हा निहारने खरं तेच सांगितलं, की सुहासच्या आईची पूजा अजून चालू आहे.

काकूंना ‘होय’ची सवय झाली. शेवटचं प्रकरण उरलं असताना अ‍ॅपने विचारलं, सिम दिसत नाही, फोन बदललात का? काकूंनी ‘होय’ दाबलं. पुस्तकाला कुलूप.

निहारने कंपनीला फोन लावून प्रामाणिकपणे सांगितलं की वाचायला दिलं होतं. पलीकडची मुलगी थकलेल्या आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही पुस्तक नाही, फक्त वाचायची परवानगी घेतलीय. ती दुसऱ्याला देता येत नाही.” खातंच बंद झालं.

रविवारी तो पडेल चेहऱ्याने बनशंकरीला गेला.

“जाऊ दे रे,” काकू म्हणाल्या. “शेवटी ती नवऱ्याकडे परत जाते का, तेवढं सांग. झोप नाही मला.”

निहार चहाच्या कपात बघत राहिला.

“वाचलं नाहीस?”

“वेळच नाही मिळाला, काकू.”

“नुसतंच विकत घेतलंस?”

सुहासने घसा साफ केला. “मी वाचलंय. सांगू?”

काकूंनी जरा विचार केला. “सरी, बरं, सांग. मी काही वाचत नाहीये, ऐकतेय.”

सुहासने शेवटचं प्रकरण रंगवून सांगितलं. काकूंनी डोळे पुसले. निहारला मध्येमध्ये विचारावं लागत होतं, हा अमका कोण, ती तमकी कोण.

खाली रिक्षापर्यंत सोडायला सुहास आला. नुसता हसत होता. ते जास्त लागलं.

“कबूल,” निहार म्हणाला. “यापुढे तुला भाषण द्यायच्या आधी पुस्तक वाचेन.”

“आणि?”

“आणि काकूंसाठी कागदाचं आणेन. मोठ्या अक्षरांचं.”