भालेराव काकांचा नाका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भालेराव काका कॉम्प्युटर सुरू करण्यापूर्वी शिट्टी वाजवतात. तोंडाने नाही, खरी पितळी शिट्टी. आयुष्य जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात गेलं. नोकरी संपली, शिट्टी राहिली. रिटायर झाल्यावर माणसं बागेत जाऊन सामुदायिक हसतात, नाहीतर सुनांना छळतात. काकांनी वारज्यात दुसऱ्या मजल्यावर नवा नाका उघडला. इंटरनेटवरून आलेली फाईल तपासल्याशिवाय आत सोडायची नाही!

त्यांचा दरारा सांगतो. सोलापूरकडून आलेलं एक अख्खं वऱ्हाड त्यांनी आहेराच्या भांड्यांवरून अडवलं होतं. भांडी तपासून होईतो मुहूर्त आला, तेव्हा लग्न नाक्याच्या दांड्याखालीच लागलं. काकांनीही अक्षता टाकल्या, पण आधी तळहातावर पसरून, आत काही दडवलंय का ते बघून. आता हा किस्सा मी रचलेला आहे, हे कबूल. पण काकांना ऐकवला तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "अक्षता मी पाहिल्याच असत्या."

कॉम्प्युटर भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीखाली आहे. वर एवढी शांती, आणि खाली हा माणूस मोडेमच्या किंचाळण्यात खुर्चीच्या टोकावर बसलेला. पत्रं, फोटो वगैरे मंडळींना ते नाक्यावरच्या सायकलस्वारांना करावं तसं हातानेच "जा, जा" करतात. पण नावाच्या शेवटी ई-एक्स-ई अशी शेपटी दिसली, म्हणजे तो प्रोग्राम, उघडला की स्वतःहून कामाला लागणारा. तो ट्रक! शिट्टी. "माल कुणाचा? आला कुठून? वजन किती?" वजन म्हणजे फाईलचा आकार.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फुकट जन्मपत्रिका काढून देणारा प्रोग्राम सीडीवर घालून घरोघर वाटला. काकांनी विचारलं, "बनवला कुणी?"

"अहो, मला माझ्या साडूंनी दिला."

"त्यांना?"

"त्यांच्या ऑफिसात कुणीतरी."

"म्हणजे बेवारस." काकांनी सीडी चिमट्यात धरून गॅलरीत पापडांशेजारी ठेवली. आठवड्याभरात सोसायटीतले सगळे कॉम्प्युटर आडवे झाले. सेक्रेटरींच्या मशीनवर तर मेंटेनन्सचे हिशेब कुठल्याशा अगम्य लिपीत दिसायला लागले. अर्थात ते आधीही कुणाला कळत नव्हतेच. उभे राहिले फक्त काका. जिन्यात भेटतील त्याला विचारायचे, "काय, पत्रिकेत हे नव्हतं का?"

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा होतो. मी स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत आहे; निम्म्या ऑफिसला काकांएवढी अक्कल असती तर माझे रविवार वाचले असते. पण पोटच्या मुलीची फाईल अडवायची म्हणजे काय!

सुजाता अमेरिकेत प्रोग्रामर. ती अधूनमधून वडिलांसाठी काहीतरी बनवून पाठवते. काका ते अडवतात. कारण? "पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लावतं. माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरं नाही." मग लागतो थेट अमेरिकेला फोन. काकांचा आवाज असा, की मधली तार काढून घेतली तरी चालेल.

"हॅलो, सुजाता? भालेराव बोलतोय. फाईल तूच पाठवलीस? नाव सांग. वजन? जुळलं. ... जेवलीस का? बरं. ठेवतो."

पोटच्या मुलीला आडनाव सांगणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. आणि 'जेवलीस का' हा प्रश्न तपासणीच्या कुठल्या नियमात बसतो, तेही मला कळलं नव्हतं.

शेवटी हा छळ मलाच बघवेना. मी एक चांगलं अँटीव्हायरस विकत आणलं. काकांनी आधी खोक्याचं सील पाहिलं, दुकानाची पावती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिन्ही पास झाल्यावर ते बसवलं.

रविवारी सकाळी सुजाताची फाईल आली. पुण्यातली आणि तिच्या गावातली वेळ शेजारी शेजारी दाखवणारं घड्याळ. काकांनी शिट्टी वाजवून फोन जवळ ओढला. एवढ्यात अँटीव्हायरसने काम उरकून पडद्यावर हिरवी खूण उमटवली. सुरक्षित.

"झालं!" मी टाळी वाजवली. "आता फोनबिन काही नाही. उघडा बिनधास्त."

"हा कोण? याला कुणी नेमला?"

"अहो काका, तो जगभरचे चोर ओळखतो."

"चोर ओळखेल. माझ्या मुलीला ओळखतो?"

"ओळखायची गरजच नाही ना! सगळं जुळलंय. विचारायला आता काही उरलंच नाही."

काकांचा हात रिसीव्हरवर होता. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला.

"मग मी तिला फोन करून काय विचारू?"

आवाज नाक्यावरचा नव्हता.

"ही होती तेव्हा हीच बोलायची सुजाताशी. शेवटी रिसीव्हर माझ्या कानाला लावायची. मी 'हं, बरी आहेस ना' म्हणून परत द्यायचो. ही गेली, आणि ..." पुढे त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

अशा वेळी सरळ माणसाचा उपयोग नसतो, माझ्यासारखा थापाड्या लागतो. मी पडद्याला नाक लावलं, भुवया चढवल्या.

"काका, एक मिनिट. घड्याळाच्या मानाने वजन जरा जास्त नाही वाटत? आणि हा हिरवा गडी कालच लागलाय कामाला. त्याच्या शब्दावर सोडायचं म्हणजे ... विचारून घ्या बुवा."

"मग! मी सोडतो म्हणालो का?" काकांनी नंबर फिरवलासुद्धा.

"हॅलो, सुजाता? भालेराव बोलतोय. त्या घड्याळाचं वजन सांग." मग ते नुसतेच ऐकत राहिले. "काय? तुलाही जास्त वाटतंय? ... नीट तपासून सांगतेस? उद्या? चालेल. नको, तू नको, मीच करतो. ... जेवलीस का? ... काय केलं होतंस?"

ते पिठलं होतं, आणि पिठल्यावर काका चांगलेच रेंगाळले.

मग रिसीव्हर ठेवून त्यांनी चेहरा जमेल तेवढा कडक केला.

"माल अडकला, इंजिनिअर. तिकडूनच संशय आहे. उद्या परत विचारावं लागेल."

आणि खिशातून शिट्टी काढून, समोर एकही ट्रक नसताना, त्यांनी ती दणदणीत वाजवली.