सात विहिरी अन् एक कासरा

आमचे शेजारी माणिकराव जगातील प्रत्येक वस्तू आपल्या मळ्यातल्या विहिरीने मोजतात. ती त्यांनी स्वतःच्या हाताने खणली असल्यामुळे सरकारी मापांपेक्षा त्यांचा तिच्यावरच अधिक विश्वास. आदिलाबादच्या कचेरीसमोरील मोबाईलचा मनोरा त्यांच्या मते तीन विहिरी उंच आहे, आणि आमच्या गल्लीत नव्याने आलेल्या मास्तरांविषयी त्यांचा अभिप्राय, "माणूस चांगला हाये, पण अर्धीच विहीर."

वांगी पिकवणाऱ्या या त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थाने गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलाशी येऊन जाहीर केले, "मुन्शीजी, मी गंडिकोट्याच्या दरीत उतराले जाऊन राह्यलो. तुमी संगं चला."

"काऊन?"

"शौक."

हा त्यांच्या आयुष्यातील पहिलाच शौक. चहासुद्धा ते उभ्यानेच पितात. बसलो तर तिकडे वांगी जून होतील, ही भीती. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी पंचवीस वर्षे कचेरीबाहेर अर्ज लिहीत असल्याने परमुलखातील फलक, शिक्के व अधिकारी यांच्याशी कसे वागावे हे मी जाणतो. सबब मी होकार दिला.

रेल्वे, मग बस, मग दुसरी बस. कडप्प्याकडचा तो मुलूख अगदी ओसाड: तांबडा खडक, काटेरी झुडपे, आणि मधोमध जमीन उभी चिरून वाहणारी पेन्ना नदी. मुक्कामाला कापडी तंबू होते. माणिकरावांनी पिशवीतून खुरपे काढून प्रथम आमच्या तंबूभोवती पाणी जाण्यासाठी चर खणला.

"अहो, इथे आता पाऊस नाही!" मी म्हणालो.

"त्याले आदिलाबादहून कळवून ठेवलं का तुमी?"

तासाभरात हैदराबादहून आलेल्या चार मुलींनीही आपापल्या तंबूंना चर मागितले. माणिकरावांनी ते आनंदाने खणून दिले. वर "झाकण लावाले विसरू नका बाई," अशी सूचना तंबूच्या चेनकडे बोट दाखवून दिली.

सकाळी आम्ही दरीच्या कडेला गेलो. सारे जण फोटो काढत होते. माणिकरावांनी पालथे पडून खाली एक खडा टाकला, कान देऊन ऐकले आणि निकाल दिला, "सात विहिरी. अन् वर एक कासरा." कासरा म्हणजे बैलाचा दोर; उरलेला हिशेब ते दोराने भागवतात.

इतक्यात आमचा वाटाड्या, पिकल्या मिशांचा येल्लय्या, त्यांच्याकडे निरखून पाहू लागला. "बाबा, उमर कितनी?"

"त्रेसष्ट."

"साठ के ऊपर वालोंकू नीचे नहीं लेके जाते."

माणिकराव मटकन खडकावर बसले. आयुष्यात प्रथमच मी त्यांना कामाविना बसलेले पाहिले. मी येल्लय्याशी बराच वाद घातला. अखेर तो म्हणाला, "जिम्मेदारी तुम्हारी. लिखके देते क्या?"

लिहून देण्यात मला कोण हरवणार! मांडीवर पाटी व तिच्यावर कागद घेऊन मी आरंभ केला: 'अर्जदार स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, सदरहू दरीत उतरू इच्छितो. कारण की...'

"कारण सांगा, माणिकराव."

"शौक लिहा ना."

"शौक हे कारण अर्जात चालत नाही."

माणिकराव माझ्या कागदाजवळ सरकले.

"मंग लिहा. आमचा दादा. बेल्लमपल्लीच्या खाणीत होता. तीस वर्सं रोज जमिनीच्या पोटात गेला, मी इकडं मळ्यात, उन्हात. आता गुडघे गेले त्याचे, खाटेवरच राह्यते. दिवाळीत म्हणे, माणिक, इतका खाली गेलो, पण खालून आभाळ कसं दिसते ते काही पाह्यलं नाही. वर पाहावं तं दगडच. मी म्हणलं, थांब, मी पाहून येतो."

वाटणी, रेशन, बदली, वारसा अशी हजारो कारणे मी आजवर लिहिली आहेत. या कारणापाशी माझी लेखणी पहिल्यांदाच अडली.

येल्लय्याला मराठी वाचता येत नव्हते, म्हणून मी मजकूर हिंदीत सांगितला. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, खाली वाकला आणि माणिकरावांच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्या स्वतः आवळून बांधल्या. "चलो बाबा. मेरा हाथ नहीं छोड़ना."

दोन तास लागले. तळाशी पोचताच माणिकरावांनी पाण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. एका सपाट खडकावर ते उताणे पडले आणि मोठ्याने हसू लागले. ते हसू दोन्ही कड्यांवरून परत आले, तसे आणखी हसले. मग मोबाईल सरळ वर धरून त्यांनी एकच फोटो काढला.

मी डोकावून पाहिले. त्यात ना कडा, ना नदी. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते निळे.

येल्लय्या हळहळला. "बाबा, पहाड़ तो आया इच नहीं! थोड़ा पीछे होके लेव."

माणिकराव तसेच पडून म्हणाले, "त्याले सांगा, मुन्शीजी. दगड दादानं लय पाह्यले."